दादरवरच्या डेझीचं पान

रायपूरच्या वेशीवरची भनपुरी मागे पडेपर्यंत पुतणी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी पंचवीस मिनिटं उशिरा खाली उतरलो होतो आणि त्यातली वीस चष्मा शोधण्यात गेली होती. जानेवारीतली सकाळ होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक धुक्यात उभे होते आणि त्यांच्या आडोशाला ड्रायव्हर मंडळी शेकोटीवर हात धरून बसली होती. मंजिरी दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून, मान पुढे काढून गाडी चालवत होती.

"काका," ती शेवटी म्हणाली, "आपण पोचाच्या आत बी गळून गेलं ना, तर लेखात तुमच्या चष्म्याचं नाव टाकीन मी."

"टाक. कुठंतरी नाव तर येईन."

ती हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. मंजिरी माझ्या थोरल्या भावाची मुलगी. रायपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ती ऐकून नागपूरचे नातेवाईकसुद्धा गालातल्या गालात हसतात.

धुक्यातून सिलतऱ्याच्या चिमण्या दिसू लागल्या. इथल्याच एका लोखंडाच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. भट्ट्या, पट्टे, दातेरी चाकं यांची चित्रं काढण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर दुपारी झोप येईना, म्हणून मंजिरीने मला कामाला लावलं. सुरुवातीला एक गवत, मग एक शेवाळ, मग दर रविवारी काही ना काही. झाडाचं शास्त्रीय चित्र म्हणजे शेवटी उभा छेद, आडवा छेद आणि खाली मोजपट्टी. हे तर माझंच काम, असं मला वाटलं होतं.

तर ही सगळी धावपळ एका डेझीसाठी होती. सव्वा वर्षापूर्वी, दिवाळीनंतर, मंजिरी मैकल डोंगरात चिल्फी घाटाच्या पलीकडे गेली होती. तिथे डोंगरांच्या माथ्यावर दादर असतात (दादर म्हणजे सपाट गवताळ पठार, सगळीकडे जंगल आणि वर मात्र मोकळं आकाश). अशाच एका दादरवर तिला वीतभर उंचीची पांढरी रानडेझी दिसली. डेझीचं एक फूल म्हणजे प्रत्यक्षात फुलांची वसाहत, हे मला मंजिरीनेच शिकवलं. कडेची एकेक पांढरी पाकळी हे एक स्वतंत्र फूल आणि मधल्या पिवळ्या चकतीतला एकेक ठिपका हेही एक फूल. त्या दिवसापासून मी अंगणातल्या झेंडूकडेसुद्धा जरा आदराने बघतो.

ही डेझी कुठल्याच पुस्तकात बसेना. तिच्या अगदी जवळची एक ओळखीची जात आहे, पण तिची बुडाशी असणारी पानं अखंड असतात. आमच्या डेझीची पानं मुळ्याच्या पाल्यासारखी खोल कातरलेली. एवढ्याच फरकावर मंजिरीने वर्षभर घासून लेख तयार केला: नवी जात, तिचं वर्णन, तिचं चित्र. नागपूरच्या एका वयोवृद्ध तज्ज्ञांनी तो वाचला आणि बजावलं की पिकलेलं फळ पाहिल्याशिवाय पाठवू नका. फळ पिकतं पौषात. म्हणून ही सकाळ.

फळासाठी मंजिरी चालली होती. मी कशासाठी चाललो होतो, ते तिला ठाऊक नव्हतं.

यंत्राचं चित्र काढताना आम्ही अर्धंच काढतो. मधे एक मध्यरेषा ओढली की पलीकडची बाजू हुबेहूब तशीच आहे असं धरून चालायचं. एखादा भाग कागदावर नसला तरी तो कुठे बसत असेल हे अंदाजाने कळतं, आणि यंत्र माणसानेच बनवलेलं असल्याने तो अंदाज बहुधा चुकत नाही. मंजिरीने आणलेल्या दाबून वाळवलेल्या रोपाला बुडाशी पानंच नव्हती. पण त्याच वर्तमानपत्राच्या घडीत एक सुटं पान होतं, देठाशी तुटलेलं, छान कातरलेलं. मी ते बुडाशी जोडलं. मग चित्र एकांगी दिसू लागलं म्हणून पलीकडे त्याचीच उलटी आवृत्ती काढली आणि मधे एक तिरपं पान सारलं. मंजिरी म्हणाली, "काका, काय जिवंत झालंय!" पुढे तिचा लेख हातात आला आणि त्यात मी वाचलं: बुडाशी तीन पानं, खोल कातरलेली. तीन! ती तीन मी काढली होती. त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. वाटलं, पान तिनेच तर घडीत ठेवलंय, म्हणजे खात्री केलीच असेल. आज सांगू, उद्या सांगू करत दोन महिने गेले. आता मला ते पान रोपाला लागलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तसं दिसलं असतं तर मी आयुष्यभर तोंड उघडलं नसतं, हे प्रांजळपणे सांगतो.

वाटेत सिमगा गावाला चहासाठी थांबलो. तिथे मंगोडी (मुगाच्या डाळीची भजी) गरम निघत होती. रोपं दाबण्यासाठी आणलेला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा मागच्या सीटवरून घसरत होता, म्हणून मी तो घट्ट बांधायला खाली उतरवला आणि टपरीच्या फळीवर ठेवून हात धुवायला गेलो. परत येतो तो टपरीवाल्याने निम्मा गठ्ठा सोडवून त्यात चार गिऱ्हाइकांना भजी बांधून दिलेली.

"अरे भैया, ये हमारा कागज है!"

"अच्छा? मैं समझा बाबूजी, रद्दी दे गए," तो म्हणाला आणि भरपाई म्हणून दोन मंगोड्या जास्तीच्या वाढल्या. मंजिरीने कपाळावर हात मारला. मी गुपचूप त्या दोन्ही खाल्ल्या.

बेमेतऱ्यानंतर धुकं विरलं. कवर्ध्याकडे काळी जमीन सुरू होते आणि ऊस लागतो. जागोजाग गुऱ्हाळं चालू होती आणि उघड्या काचेतून गोड, किंचित करपलेला वास आत येत होता. एका गुऱ्हाळावर गरम गूळ घेतला. काहिलीपाशी उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, कुठे निघालात.

"चिल्फी के ऊपर. एक फूल देखने."

त्याने आधी मला, मग मंजिरीला, मग गाडीतल्या रोपं दाबायच्या लाकडी चौकटींना पाहिलं. "फूल तो कवर्धा में भी मिल जाता," तो म्हणाला. आम्ही गुळाचे पैसे दिले आणि निघालो.

घाट सुरू झाला तसं दोन्ही अंगांना सालवृक्षांचं जंगल दाट झालं आणि हवा एकदम गार झाली. चिल्फीला वनखात्याच्या नाक्यावर परवानगीचं पत्र दाखवलं, डांबरी रस्ता सोडला आणि तासाभराच्या कच्च्या रस्त्याने दादरच्या पायथ्याच्या बैगा आदिवासींच्या गावात पोहोचलो. मातीने सारवलेली स्वच्छ घरं, अंगणात वाळत घातलेला कोदो (एक भरड धान्य), आणि कुंपणावर एक कोंबडा, जो आमची गाडी बंद होईपर्यंत आमच्यावर ओरडत राहिला.

फगनीबाईंचं घर गावाच्या टोकाला. गेल्या खेपेला त्यांनीच मंजिरीला दादरची वाट दाखवली होती. वय पन्नाशीचं असावं. कपाळावर आणि हातांवर गोंदण, आणि नजर अशी की समोरच्याने काय लपवलंय ते तिला आधीच कळलेलं. का कोण जाणे, मला उगाच अपराधी वाटलं.

"ये बबा कोन ए?" त्यांनी मंजिरीला विचारलं. बबा म्हणजे आजोबा. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे आणि माझ्या डोक्यावर अजून निम्मे केस काळे आहेत.

"कका ए मोर. चित्र बनाथे." (माझे काका. चित्र काढतात.)

"खा लव पहिली. दादर कहूँ भागत नइ हे." (आधी जेवा. दादर कुठे पळून जात नाहीये.)

उन्हात चटईवर बसलो. पळसाच्या द्रोणात कोदोची पेज आणि शेजारी काळपट हिरवी भाजी, लसूण-मिरची घातलेली. भाजीला मेथीसारखा कडवटपणा होता, पण मागून एक वेगळाच सुगंध येत होता, थोडा ओव्याकडे झुकणारा. थंडीने पोटात कावळे ओरडत होते. मी दोनदा मागून घेतली. फगनीबाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, ही पावसाळ्यात खुडून वाळवलेली आहे, आमचं सुक्सा (वाळवणाची भाजी).

"दीदी, ये का भाजी ए?" मंजिरीने घास हातात धरून सहज विचारलं.

"दादर भाजी. ओही त ए, जेखर फूल ला तैं ले गे रहेस." (तीच ही, जिचं फूल तू घेऊन गेली होतीस.)

मंजिरीचा हात तसाच राहिला. मी द्रोणात पाहिलं. जगाला अजून ठाऊक नसलेली, नाव न मिळालेली, वर्षभर जिच्यापायी आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं, ती जात मी पेजेबरोबर दोनदा वाढून घेऊन संपवली होती.

"त मोला बताए काबर नहीं?" मंजिरी जवळजवळ ओरडलीच. (मग मला सांगितलं का नाही?)

"तैं फूल ला पूछे रहेस. पान ला कोन पूछिस?" फगनीबाई शांतपणे म्हणाल्या. (तू फुलाचं विचारलंस. पानाचं कोणी विचारलं?)

त्यानंतर सगळं भराभर झालं. मंजिरीने वाळलेली, न शिजवलेली भाजी मागितली. फगनीबाईंनी घरातून पानांचा पुडा आणला. आत चुरगळलेली, विड्यासारखी गुंडाळी झालेली पानं होती. ती तशी उलगडायला गेलं तर भुगाच होणार. पण वाळलेलं फूल कापून बघायचं असलं की मंजिरी ते आधी गरम पाण्यात सोडते. दोन मिनिटांत ते मऊ पडतं आणि आपला मूळ आकार आठवल्यासारखं उघडतं. इथे चुलीवर पाणी उकळत होतंच. फगनीबाईही भाजी करण्याआधी हेच करतात. त्यांनी पितळी भगोना (पातेलं) खाली उतरवला, मंजिरीने चिमट्याने एक एक करून चार पानं सोडली, आणि आम्ही तिघं त्यावर वाकून बसलो.

पहिलं पान उलगडलं. चमच्यासारखं, टोकाला गोल. दुसरं तसंच. मी तिसऱ्याकडे आशेने बघत होतो. तिसरंही तसंच. चारही पानं सरळ कडेची, अखंड, कुठे एक कातरा नाही.

मंजिरी उठली, गाडीतून माझ्या चित्राची मोठी प्रत घेऊन आली आणि ती भगोन्याशेजारी चटईवर पसरली. माझी तीन कातरलेली पानं तिथे दिमाखात उभी होती.

"काका, तुमच्या चित्रातलं पान असं नाही आहे."

"नाही."

"मग तुमी ते कशावरून काढलं?"

"घडीत सुटं पडून होतं. मी जोडलं ते."

"सुटं होतं?" तिचा आवाज खाली गेला. "मले सांगितलं काहून नाही?"

"तूच ठेवलं होतं ना घडीत. मले वाटलं तुले माहीत असन."

तिने चित्र स्वतःकडे ओढलं. मग म्हणाली, "मी ते जमिनीवरून उचललं होतं काका. रोपाच्या बाजूले पडलं होतं. नंतर पाहू म्हणून ठेवलं, अन् विसरून गेली. तुमच्या चित्रात जोडलेलं दिसलं. मले वाटलं, काका भिंगातून पाहून राहिले, त्याईले दिसलं असन." 

तिने ठेवलं म्हणून मी काढलं, आणि मी काढलं म्हणून तिने लिहिलं. माणसं दोन होती आणि त्या पानाकडे नीट पाहिलेलं एकानेही नव्हतं.

"दोन महिन्यांपासून मले शंका होती," मी म्हणालो. हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. "तुझा लेख वाचला तेव्हापासून."

"अन् मी पाठवून दिला असता तर?"

 मला स्वतःची लाज वाटली आणि मी द्रोण उचलून टाकायला उठलो. फगनीबाईंना भाषा कळत नसली तरी प्रकार कळला असावा. त्यांनी माझ्या चित्रातल्या पानावर बोट ठेवलं.

"ये त दूसर ए. एला त गाय घलो नइ खाय." (हे तर दुसरंच. हे गाईसुद्धा खात नाहीत.)

मग आम्ही दादरची चढण सुरू केली. पुढे फगनीबाई, मग मंजिरी, तिच्या बरंच मागे मी, खांद्यावर रोपं दाबायच्या चौकटी घेऊन. चौकटींचे पट्टे मीच रायपूरमधल्या पंडरीच्या कापडबाजारातून आणून शिवले होते आणि त्याचं सकाळपर्यंत मला भारी कौतुक होतं. आता प्रश्न पानाचा राहिलाच नव्हता. पान अखंड, म्हणजे जवळच्या ओळखीच्या जातीसारखंच. मग ही वेगळी कशावरून? मंजिरीची सव्वा वर्षाची मेहनत माझ्या तीन पानांवर उभी होती आणि ती तिन्ही आता गळून पडली होती. लेख पाठवला असता आणि पुढे कुणी हे उघडकीला आणलं असतं, तर जन्मभर लोकांनी तिचं नाव त्या पानाशी जोडलं असतं.

जंगल एकाएकी संपलं आणि आम्ही दादरवर आलो. मी असं काही पाहिलं नव्हतं. कमरेएवढं वाळलेलं सोनेरी गवत दूरवर पसरलेलं, मधून मधून लालसर दगड, आणि वारा सतत एकाच दिशेने वाहणारा. पहाटेचं दव सावलीच्या बाजूला अजून सुकलं नव्हतं. इतक्या वाईट मनःस्थितीतही मी थांबून बघत राहिलो.

डेझी दगडांच्या कडेने होत्या. बहुतेकांची फुलं वाळून करड्या गुंड्या झाल्या होत्या. एखाददुसरं उशिराचं फूल उघडं होतं, नखाएवढं. चित्र काढून काढून मला त्याची पाकळी न् पाकळी पाठ होती, तरी जिवंत पाहताना मी गुडघ्यांवर बसलो. पाकळ्या खालून जांभळट होत्या. वाळलेल्या नमुन्यात तो रंग उरलाच नव्हता. बुडाशी नुसती तपकिरी लव आणि देठांचे खुंट. पान एकही नाही; फुलं येईपर्यंत ती झडून गेलेली.

मंजिरीने भिंग काढलं आणि एका पिकल्या गुंडीवर वाकली. तिथे त्या ओळखीच्या जातीसारखीच म्हातारी दिसत होती, प्रत्येक बीजाला केसांचा झुबका. जवळच्या जातीत हा झुबका बी घेऊन वाऱ्यावर उडतो. मंजिरीने मान हलवली. "सेमच आहे," ती स्वतःशीच पुटपुटली.

फगनीबाई शेजारी बसल्या. त्यांनी एक गुंडी तोडली, तोंडापाशी धरली आणि फूऽ करून जोरात फुंकली. म्हाताऱ्या वाऱ्यावर उडाल्या. त्यांनी गुंडी मंजिरीच्या हातावर ठेवली.

"देख. बीजा नइ उड़ाय. भुवा भर उड़ाथे." (बघ. बी उडत नाही. नुसता कापूस उडतो.)

मंजिरीने भिंग लावलं. गुंडीत बिया जशाच्या तशा होत्या, काळ्या, टकलू. तिने दुसरी गुंडी फुंकली, तिसरी फुंकली, मग पळत दुसऱ्या दगडापाशी जाऊन तिथली फुंकली. उडालेली एक म्हातारी मी टोपीत पकडली. तिच्या खाली काहीच नव्हतं. पिकताना केस गळतात आणि बी रोपाच्या पायाशीच पडतं. फुलात हे दिसणं शक्य नव्हतं, कारण तेव्हा केस बीजाला चिकटलेलेच असतात.

"काका, इकडे या!" दुपारपासून तिने मला पहिल्यांदाच हाक मारली. "दूर जातच नाही ही. एवढी मोठी म्हातारी लावून घेते, अन् जात कुठंच नाही!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आता ते वाऱ्याने आलेलं असेल तर सांगता येत नाही. "त्या दुसरीत असं होत नाही. मी तिच्या पिकल्या बियांची शंभर पाकिटं पाहिली हाय. ही वेगळीच हाय काका."

"पक्कं?"

"आणखी चार ठिकाणची पाहीन, मग पक्कं म्हणीन. तुमी बी आता तसंच करत जा."

हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

पण पान राहिलंच होतं. वाळवणातलं पान तेवढं पुरावा म्हणून चालणार नाही, ते रोपाला लागलेलं दिसायला हवं, असं मंजिरीने फगनीबाईंना समजावलं. त्यांनी थोडा विचार केला आणि आम्हाला दादरच्या उत्तर टोकाला नेलं. तिथे एका मोठ्या दगडाखाली पाणी झिरपत होतं आणि ऊन पोहोचत नव्हतं. आत, शेवाळात, फुलावर न आलेली तीन रोपं होती. त्यांतल्या एकाला बुडाशी दोन पानं. चमच्यासारखी, अखंड, खालून पांढऱ्या लवेची. मी आडवा पडून, गाल ओल्या मातीला टेकवून, देठ मुळापर्यंत बघितला. जोडलेला होता. पुन्हा बघितला. मग मंजिरीला बघायला लावलं, आणि तिने मला पुन्हा एकदा बघायला लावलं.

तिथेच पडल्या पडल्या मी पेन्सिलीने चित्र काढलं. बोटं गारठली होती. पलीकडच्या बाजूचं पान अर्धं कुरतडलेलं होतं, कुठल्यातरी अळीने. मी ते अर्धंच काढलं.

मुळाचीही गरज होती. मंजिरीने फुलावर आलेल्या एका रोपाभोवती खुरपं चालवलं. मूळ जाड निघालं, गाजरासारखं खाली खाली जाणारं. वीतभर खणून झालं तेव्हा फगनीबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"बस अब. आधा जरी ला रहन दे. नइ त असाढ़ म का खाबो?" (आता पुरे. अर्धं मूळ राहू दे. नाहीतर आषाढात काय खायचं?)

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. शास्त्राच्या दृष्टीने पूर्ण मूळ मिळालं तर सोन्याहून पिवळं.  तिने सुरी घेतली, वीतभरावर मूळ कापलं आणि खड्ड्यात माती परत लोटली. फगनीबाईंनी ती पायाने दाबून घट्ट केली आणि बाटलीतलं घोटभर पाणी त्यावर ओतलं.

रोपं दाबायला घेतली तेव्हा सिमग्याची मंगोडी आठवली. कागद कमी पडले. शेवटचं रोप, तेच मुळाचं, उघड्यावर राहिलं. मंजिरीने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या चित्राची ती मोठी प्रत उचलली. मी मान डोलावली. तिने माझ्या कातरलेल्या पानांवर खरं रोप आडवं ठेवलं, कागद दुमडला, चौकट बंद केली आणि पट्टे आवळले.

निघताना फगनीबाईंनी पळसाच्या पानात बांधलेलं सुक्सा हातात दिलं आणि पुढच्या खेपेला पावसाळ्यात या म्हणाल्या. मंजिरीने डायरीत नमुन्याचा क्रमांक लिहिला, आणि गोळा करणाऱ्यांच्या रकान्यात आपल्या नावाआधी त्यांचं नाव. मी विचारलं, बाईंना चालेल ना? मंजिरीने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, नाव लिहायला काही हरकत नाही, पण त्याने भाजी जास्त उगवेल का?

परतताना अंधार पडला होता. कवर्धा ओलांडल्यावर मंजिरी म्हणाली, "काका, मी रागावली नाही आहे असं नाही."

"माहीत हाय."

"पण चित्र तुमीच काढाल. दुसरं कोण काढन?"

सिलतऱ्याच्या भट्ट्यांचा लाल उजेड आकाशात दिसू लागला. चौतीस वर्षं मी इथे अर्धी चित्रं काढली आणि लोकांनी त्यावरून पूर्ण यंत्रं उभी केली. त्यात काही चुकीचं नव्हतं, हे आजही म्हणतो. पण त्या यंत्रांना कुणी आषाढात खुडत नाही, आणि ती आपलं बी कुठे टाकतात याची आपल्याला काळजी नसते. जे बनवणारे आपण नाही, त्याच्याबद्दल एवढं गृहीत धरायची सवय मला कुठून लागली, याचा विचार मी पंडरीपर्यंत करत होतो.

नवं चित्र काढायला अडीच आठवडे लागले. जातीचं नाव मी इथे लिहीत नाही. लेख छापून येईपर्यंत ते बाहेर सांगायचं नाही असा या लोकांचा शिरस्ता आहे. बाकी सगळं चित्रात आहे: जांभळट पाकळ्या, टकलू बी, शेजारी त्याचा सुटलेला झुबका, एक अखंड पान आणि एक कुरतडलेलं. मूळ मी वीतभर काढलं. तिथून खाली, कारखान्यात न दिसणाऱ्या भागासाठी काढायचो तशी तुटक रेषा दोन बोटं ओढली आणि पेन उचललं.

नागपूरच्या तज्ज्ञांना लेख आवडला. त्यांचा फोन आला तेव्हा मी मंजिरीच्याच घरी होतो आणि तिने तो स्पीकरवर लावला. फळाचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि मग विचारलं, चित्रात मूळ अर्धवट का सोडलंय? आर्टिस्टना सांगा, खालचा भाग निमुळता करून पूर्ण करून टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

मी खरोखरच दहा मिनिटांत केलं असतं. मंजिरीने माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाली, "सर, चित्र पूर्ण आहे. मूळ अजून तिथंच आहे."